शाकाहारी गळ

समुद्रावर मासे पकडायला जाणारा माणूस आपल्या छंदाचा बहुतेक वेळ घरात, जेवणाच्या टेबलाशी, पाण्याकडे पाठ करून घालवतो, हे मला लग्न ठरताना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ते मनावर घेतलं नसतं, कारण तेव्हा आमचे हे मासे पकडत नव्हते. पकडणं लांबच राहिलं, ह्यांच्या पुण्याच्या घरात दशावताराची तसबीरसुद्धा मत्स्यावतारामुळे स्वयंपाकघराबाहेर टांगलेली होती. मी मालवणची. माझ्या माहेरी मासा बाजारात सुरू व्हायचा आणि ताटात संपायचा. त्याच्या अलीकडे-पलीकडे आणखी काही असतं, अशी शंका आमच्या सात पिढ्यांत कुणाला आली नाही. लग्नात तडजोड अशी ठरली की मी मासे घराबाहेर खाईन. न्यू जर्सीत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ती तडजोड मोडली, कारण घराबाहेर उणे दहा होतं. तेव्हापासून वेगळा तवा आणि फ्रीझरचा खालचा खण माझा, आणि बाकीचं घर शाकाहारी.

आम्ही राहतो एडिसनला. इथल्या ओक ट्री रोडवर पैठणीपासून पाणीपुरीपर्यंत सगळं मिळतं, आणि ह्याच गावातल्या एक्स्पो सेंटरमध्ये दर हिवाळ्यात, जानेवारीच्या अखेरीस, फ्लाय फिशिंगचं मोठं प्रदर्शन भरायचं. ह्या दोन गोष्टी एकाच गावात असणं धोक्याचं आहे, हे नगरपालिकेच्या लक्षात यायला हवं होतं. एका जानेवारीत मी साडीला फॉल-बिडिंग करून घ्यायला ओक ट्री रोडवर उतरले आणि हे “तेवढ्यात जरा काय आहे ते बघून येतो” म्हणून पुढे गेले. परत आले तेव्हा हातात कागदी पिशवी होती आणि पिशवीत एक हरणाची शेपटी होती. पोपटी रंगवलेली.

“हे काय?”

“बकटेल.”

“ते कळलं. आपल्या घरी का?”

त्यावर ह्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते अजून संपलेलं नाही.

वाचकांसाठी थोडक्यात. गळाला गांडूळ, कोळंबी किंवा माशाचा तुकडा न लावता केस, पिसं, दोरा आणि चमकी बांधून खोटं भक्ष्य तयार करायचं, त्याला फ्लाय म्हणतात. प्रकार जुना आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं बांधून मासे पकडतात, असं ईलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. गोड्या पाण्यातली फ्लाय खरोखरच किड्यामाशीची नक्कल असते. समुद्रातला मासा माश्या खात नाही, तो लहान मासे खातो. म्हणून खाऱ्या पाण्यातली फ्लाय दिसायला मांदेलीएवढी असते आणि तिचा माशीशी काही संबंध नसतो. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच. त्यामुळे फेकायची असते ती जाड दोरी, आणि फ्लाय तिच्यामागून नुसती जाते. ह्यांना ह्या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की गळाला काहीही खाण्याजोगं लागत नाही. मासा पकडायचा, पाहायचा, गळ सोडवायचा आणि पाण्यात परत सोडायचा. ह्यांच्या मते ही शाकाहारी मासेमारी झाली.

“आणि ही शेपटी?”

“ती कुठे खायचीय?”

पुण्याच्या माणसाशी वाद घालताना तो कुठे थांबवायचा हे कळायला मालवणच्या माणसाला वर्षं लागतात. मी शेपटीसाठी एक जुना डबा दिला.

ह्या शेपटीतून जी बांधतात ती ‘क्लाउझर डीप मिनो’. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर गाइडचं काम करणाऱ्या बॉब क्लाउझर ह्यांनी ती १९८७च्या सुमाराला बसवली, नदीतल्या स्मॉलमाउथ बास माशासाठी. तिचं नाव ठेवलं लेफ्टी क्रे ह्यांनी. ते ह्या पंथातले थोर पुरुष. त्यांनी स्वतः चेसापीकच्या खाडीतल्या स्ट्राइप्ड बाससाठी ‘डिसीव्हर’ नावाची फ्लाय काढली होती, आणि तिला १९९१ साली अमेरिकन टपाल खात्याने २९ सेंटच्या तिकिटावर स्थान दिलं. क्लाउझर लवकरच नदीतून समुद्रात उतरली आणि समुद्रातून आमच्या जेवणाच्या टेबलावर आली. तिची खुबी डोळ्यांत आहे. शिशाचे दोन डोळे गळाच्या दांडीवर बांधलेले असतात. त्या वजनाने गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं, त्यामुळे तळाच्या दगडात किंवा शेवाळात अडकत नाही. दोरी ओढली की फ्लाय वर उडी घेते, सोडली की डोक्यावर खाली जाते. जखमी पिल्लू धडपडतंय असं माशाला वाटतं. माशाला काय वाटतं हे ह्यांना ठामपणे माहीत असतं. मला काय वाटतं ह्याबद्दल इतकं ठाम मत ह्यांनी कधी दिलेलं नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या नद्या-खाड्यांत स्ट्राइप्ड बास पकडायला कायद्याने बंदी असते. माशांना सुट्टी लागली की टेबलाला कामाला लावतात. व्हाइस नावाचा छोटा जबडा टेबलाच्या कडेला आवळला जातो, त्यावर दिवा वाकवला जातो, ह्यांच्या नाकावर दोन चष्मे येतात, एकावर एक, आणि घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता लागते. टाचणी पडतेही. टाचणीहून वाईट गोष्टीही पडतात. त्या सगळ्या माझ्या तळपायाने शोधून काढलेल्या आहेत.

मी भाजी निवडत समोर बसते, त्यामुळे कृती मला तोंडपाठ झालीय. गळ स्टेनलेस स्टीलचा, कारण साधा गळ खाऱ्या पाण्यात गंजायला वेळ लागत नाही. तो जबड्यात आवळायचा. बॉबिनमधला दोरा दांडीवर घ्यायचा आणि पुढच्या वेढ्यांनी त्याचंच टोक दाबून टाकायचं. गाठ मारायची नाही. नेढ्यापासून दांडीचा एक तृतीयांश भाग सोडून शिशाचे डोळे आडवे ठेवायचे आणि इंग्रजी आठच्या आकाराचे वेढे तिरपे घालत जायचं. इथे डोळे फिरतात. बाहुलीची मान वळावी तसे नव्हे, तर ह्यांनी नुकतंच “आता घट्ट बसले” म्हटलेलं असतं म्हणून फिरतात. मग पुन्हा वेढे, मधून थोडा गोंद. दोरा किती ओढायचा ह्याला एकच माप आहे: तुटायच्या जरा आधीपर्यंत. हे माप दोरा तुटल्यावर कळतं.

मग केस. शेपटीच्या टोकाकडचे घ्यायचे. बुडाकडचे पोकळ असतात आणि दोरा आवळला की फिस्कारून उभे राहतात. आगकाडीच्या जाडीची पांढरी बट कापायची, मुळाशी असलेली लव बारीक फणीने विंचरून काढायची. ही लव हवेत जाते, हवेतून कणकेत जाते आणि कणकेतून कुठे जाते ते मी सांगत नाही, कारण आमच्याकडे चार लोक जेवायला येतात. पांढरी बट डोळ्यांच्या पुढे आणि मागे बांधली की गळ जबड्यात उलटा करायचा, चमकीच्या मोजक्या तारा लावायच्या आणि त्यावर पोपटी बट. लांबी मोजून. ह्यांच्याकडे त्यासाठी मिलिमीटरच्या खुणांची छोटी स्टीलची पट्टी आहे, आणि बट अर्ध्या मिलिमीटरने पुढेमागे झाली तर हे ती सोडून पुन्हा बांधतात. ह्या पट्टीचा उल्लेख पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

बांधणाऱ्यांच्या दोन खोडी जगभर सारख्याच. पहिली म्हणजे केस फार घेणं. दाट फ्लाय टेबलावर देखणी दिसते आणि पाण्यात लाकूड होऊन तरंगते. खुद्द क्लाउझर ह्यांच्या हातची फ्लाय पाहिली तर वाटतं, हे काम अर्धवट टाकून कुणीतरी फोन घ्यायला उठलंय. इतकी विरळ. अमेरिकेत राहून ‘जरा कमी घ्या’ असं सांगणारी ही एकच विद्या माझ्या पाहण्यात आली. दुसरी खोड म्हणजे नेढ्याजवळ जागा न ठेवणं. सगळं बांधून झाल्यावर शेवटची गाठ कुठे मारायची हा प्रश्न उभा राहतो आणि नेढं केसांखाली गडप झालेलं असतं. मग सुईदोऱ्याच्या जागी दाभण घेऊन उत्खनन चालतं, आणि घरात मोठ्याने श्वास घेतला तरी “अगं, हालवू नकोस ना” असं ऐकावं लागतं. मी दहा फुटांवर असते.

बांधलेली फ्लाय नीट पोहते का हे पाहायला समुद्रच लागतो असं नाही. आमच्याकडे टब आहे. त्यात पाणी भरून हे फ्लाय बुडवतात, दोऱ्याने ओढतात, थांबतात, पुन्हा ओढतात. सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या असतात तेव्हा सकाळी आंघोळीसाठी दाराबाहेर खोळंबलेल्या दिसतात, हातात पातळ घेऊन. आतून आवाज येतो, “बुडतेय छान!” आत कोण बुडतंय ते विचारायचं त्यांनी हल्ली सोडून दिलंय.

सासूबाईंना पहिला धक्का फ्रीझरने दिला. पिसं आणि केस ह्यांना कसर लागते. एका डब्यातली कसर सगळ्या डब्यांत पसरते. म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक माल आधी काही दिवस गोठवायचा हा बांधणाऱ्यांचा नियम. ह्यांच्या ऑफिसमधला एक शिकारी सहकारी दर मोसमात अख्खी शेपटी आणून देतो. हाड काढलेली, आतून टाकणखार चोळलेली, बाहेरून पूर्ण शेपटी. सासूबाई खोवलेलं ओलं खोबरं काढायला गेल्या. माझा खण खालचा, त्याला त्या हात लावत नाहीत. वरच्या खणात, सोवळ्याच्या खोबऱ्याशेजारी, झिपलॉकच्या पिशवीत ती होती. त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी फ्रीझरचं दार हळूच लावलं, माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या बांगड्यांबद्दल मी इतकी वर्षं जे जे बोलले ते परत घेते.”

आमच्या नात्याचं त्या दिवशी सोनं झालं.

त्याच मुक्कामात सासूबाई टेबलाशी ओढल्या गेल्या. हे शेवटच्या गाठीवर अडकले होते. तिला व्हिप फिनिश म्हणतात. दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली सरकवून ओढून घ्यायचा असतो. त्यासाठी एक वाकडंतिकडं हत्यार मिळतं, जे फिरवताना हातातून सुटतं आणि फ्लाय उसवते. ते तसं सुटलं. ह्यांनी जे उद्गार काढले ते पुण्यात काढत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “आण इकडे.” जन्मभर त्यांनी मोगऱ्याचे गजरे केलेत. डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरा ताणून उजव्या हाताने देठांवरून फास टाकत जायचे, सुईशिवाय. तेच त्यांनी इथे केलं: दोन बोटांवर फास, दांडीभोवती वेढा, वेढ्याखालून टोक, आणि ओढलं. “ओढायचा नसतो दोरा,” त्या म्हणाल्या, “बसवायचा असतो. देठ तुटलं तर फूल कशाला धरेल?” हे चष्म्यांवरून बघत राहिले. बोटांनी व्हिप फिनिश घालणं ही ह्या पंथात मोठी कसबाची गोष्ट समजतात. आईला ते येतं आणि आईला ते येतं हे माहीत नाही, ह्या दोन्हींचा ह्यांना एकदम राग आला.

तेव्हापासून सासूबाई बांधतात. पण प्रश्न विचारायच्या थांबल्या नाहीत.

“हे कशासाठी?”

“माशाला फसवायला.”

“मग?”

“मग सोडून द्यायचा.”

“मग फसवायचा कशाला?”

“आई, तो खेळ आहे.”

“त्याला विचारलंस?”

ह्या छंदाची खरी गंमत त्या सहा महिन्यांत माझ्या लक्षात आली. हे मासे पकडण्यासाठी फ्लाय बांधतात असं मी समजत होते. तसं असतं तर डबा भरल्यावर माणूस थांबला असता. फ्लाय ठेवायचे डबे मार्चच्या आधीच भरतात आणि ह्यांचा चेहरा उतरतो. मग डबा लहान पडतो, मोठा आणावा लागतो. मोठा आणला की त्यात रिकाम्या जागा दिसतात, आणि चेहरा पुन्हा फुलतो. मासा हे ह्या सगळ्याचं निमित्त आहे. बांधायची हौस आहे, आणि तिला बाहेर जाताना नेसायला काहीतरी हवं म्हणून मासा.

हौशीला माल लागतो आणि मालाला डोळा लागतो. फ्लाय बांधणारा माणूस जगाकडे माल म्हणून बघू लागतो. बागेत कुणाचा कुत्रा अंगावर आला तर लोक त्याला कुरवाळतात. हे त्याच्या लवेची जात तपासतात. नाटकाला पुढच्या रांगेतल्या बाईंच्या फरच्या कॉलरवर ह्यांची नजर तीन अंक खिळलेली होती आणि ती बाई दर अंकाला अधिकाधिक अवघडत गेली. दिवाळीत आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, लग्नात मुंडावळ्या, माझ्या शालूची जर. माझी नखं रंगवायची बाटली तर गेलीच. नखं कडक करणारं रंगहीन नेलपॉलिश फ्लायच्या डोक्यावर लावायला उत्तम, हे ह्या पंथातल्या सगळ्या नवऱ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्या बायकांना उशिरा कळतं.

२०११ साली मात्र बायकांनी सूड उगवला, आणि तोही अजाणता. अमेरिकेत केसांत कोंबड्याची लांब, पट्टेरी पिसं गुंफायची टूम निघाली. ही तीच पिसं जी बांधणारे वापरतात. कोलोरॅडोतल्या व्हाइटिंग फार्म्ससारख्या ठिकाणी त्यासाठी कोंबड्यांची वाणं खास पैदाशीने सुधारलेली आहेत. ब्यूटी पार्लरवाल्यांनी दुकानंच्या दुकानं धुऊन नेली. पिसं मिळेनात, मिळाली तर किंमत ऐकून परत ठेवावी लागत. मुलीच्या वाढदिवसाला तिच्या वर्गातली एक मैत्रीण केसांत तसलं पीस घालून आली. हे केक कापायचं विसरून म्हणाले, “ग्रिझली सॅडल! कुठे मिळालं?” त्या पोरीने केसांवर हात ठेवला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

पिसांच्या बाबतीत आपला देश मोठा दाता. गेल्या शतकाआधीच्या विलायती सामन फ्लाय पाहिल्या तर त्यांच्या गालाशी एक काळसर पीस दिसतं, त्यावर मेणाचा थेंब पडावा असा पिवळट चकचकीत ठिपका. तो आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचा. महाबळेश्वरला पहाटे जो आरवतो आणि दिसत नाही, तोच. तो दिसत का नाही हे त्या फ्लायमुळे कळतं: दिसलेले सगळे इंग्लंडला गेले. आता त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि पिसांच्या निर्यातीवर बंदी आहे. मोरपिसाचंही तेच. लेफ्टी क्रे ह्यांच्या डिसीव्हरच्या पाठीवर मोरपिसाचे धागे घालायची रीत आहे. ह्यांनी आईला फोन केला, “येताना बॅगेत चार मोरपिसं टाक.” सासूबाईंनी आधी कायदा सांगितला, मग कृष्ण सांगितला, आणि दोन्हींत कृष्णाची भीती जास्त आहे असं बजावून फोन ठेवला. ‘इंडियन क्रो’ नावाचं आणखी एक पीस ह्या पंथात फार गाजलेलं आहे. तो पक्षी भारतातला नाही, कावळाही नाही. दक्षिण अमेरिकेतला फळं खाणारा लाल गळ्याचा पक्षी आहे. असल्या दुर्मीळ पिसांच्या पायी २००९ साली एका बासरी वाजवणाऱ्या तरुणाने इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या म्युझियमची खिडकी फोडून २९९ पक्ष्यांचे नमुने सुटकेसमध्ये भरून नेले. ही हकिगत वाचल्यापासून मी ह्यांना म्युझियमला एकटं पाठवत नाही.

हिशेबाचं म्हणाल तर तयार क्लाउझर दुकानात पाच-सात डॉलरला मिळते. घरी बांधली की खर्च एक-दीड डॉलर, असं हे सांगतात. त्या दीड डॉलरमध्ये तीनशे डॉलरचा व्हाइस, कपाटभर पिसं, दिवा, अल्ट्राव्हायोलेट बॅटरीखाली पाच सेकंदांत कडक होणारं रेझिन आणि नवीन व्हॅक्यूम क्लीनर धरलेला नाही. जुन्याच्या पोटात हरणाचे केस इतके गुंडाळले गेले की दुरुस्तीवाल्याने विचारलं, “जनावर कोणतं पाळलंय?” “अर्धंच आहे,” मी म्हटलं, “मागचं.”

एवढं करून फ्लाय पाण्यात पोचते. मे महिन्याच्या संध्याकाळी मी सँडी हूकच्या किनाऱ्यावर ह्यांच्याबरोबर जाते, जाड जॅकेट घालून आणि ह्यांच्यापासून लांब उभी राहून. लांब एवढ्यासाठी, की शिशाच्या डोळ्यांची क्लाउझर मागून पुढे येताना वाटेत कानशिलाला भेटते, आणि कान कुणाचा हे ती बघत नाही. हे कमरेपर्यंत पाण्यात. ओहोटी चालू. दोरी जाते, पडते, हे ओढतात, थांबतात. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलीत. तासाभरात गावाचं जेवण वाळूवर येतं. इथे तासाभरात ह्यांनी फ्लाय बदलली. पोपटीवरून निळीवर.

एका संध्याकाळी मासे आलेही, पण ते ब्लूफिश. ह्या माशाचे दात करवतीचे असतात, आणि तो फ्लाय गिळत नाही, छाटतो. थंडीभर मोजून, विंचरून, बसवून बांधलेल्या क्लाउझर एकेक करून परत आल्या त्या नुसत्या शिशाच्या डोळ्यांसकट, टक्कल पडून. ह्याच न्यू जर्सी किनाऱ्यावरच्या बॉब पोपोव्हिक्स ह्यांना ह्याच जातीच्या माशाने जेरीस आणलं होतं, म्हणून त्यांनी केसांवर इपॉक्सीचं काचेसारखं कवच चढवलेली ‘सर्फ कँडी’ काढली. ते बेव्हिलमध्ये रेस्टॉरंट चालवायचे. मला ते लगेच पटलं: एवढा व्यवहारी विचार खाणावळवालाच करणार. मला वाटलं, हे आता हताश होतील. हे टकल्या फ्लायांकडे पाहून म्हणाले, “सगळ्या नव्याने बांधाव्या लागणार!” आवाजात जो आनंद होता तो मी ह्यांच्या पगारवाढीच्या दिवशीही ऐकला नव्हता.

स्ट्राइप्ड बास मात्र दुसऱ्या संध्याकाळी लागला. काठी वाकली, दोरी गरगरत बाहेर गेली, आणि बऱ्याच वेळाने चंदेरी अंगावर काळ्या रेघा ओढलेला एक गृहस्थ उथळ पाण्यात आडवा झाला. मी कधीच कुठल्या माशाला गृहस्थ म्हटलेलं नाही, पण तो तसाच होता: भरदार, शांत, रागावलेला. ओठात पोपटी क्लाउझर. हिशेबाने सहा जणांचं जेवण. मी मनात कापे पाडले: डोक्याची आमटी, मधले तुकडे तळायला, शेपटी सुक्याला. तेवढ्यात ह्यांनी गळाचा उलटा दात आधीच चेपून ठेवलेला असल्यामुळे गळ सहज काढला, माशाला दोन्ही हातांनी धरून पाण्यात पुढेमागे केलं, आणि तो गेला.

“अहो!”

“आकारात बसत नव्हता.”

इथे थोडा कायदा. मोठ्या माद्या अंडी घालायला वाचाव्यात म्हणून ह्या किनाऱ्यावर २०२३पासून नियम असा आहे, की माणशी एक मासा ठेवता येतो, आणि तो २८ इंचांपेक्षा लहान नको, ३१ इंचांपेक्षा मोठा नको. म्हणजे खाण्याजोगा मासा समुद्रात तीन इंचांच्या फटीत राहतो. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. माझी तक्रार एवढीच, की ह्यांना लागलेला एकही मासा आजवर त्या फटीत राहायला आला नाही. काही २७ असतात. बाकीचे सगळे ३२.

“मोजलात?”

“अंदाज आला.”

हरणाच्या केसाची बट अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर उसवून पुन्हा बांधणारा हा माणूस. स्टीलची पट्टी घरी व्हाइसशेजारी चकचकीत ठेवलेली. आणि मासा? अंदाजे.

मी घरी आले ती सरळ सासूबाईंकडे गेले. त्या गाठ बसवत होत्या. मी सगळं सांगितलं: रेघा, कापे, ३२ इंच. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या आयुष्यात मासा कधी ताटाजवळ आला नाही आणि येणारही नाही, पण लेकाचा हिशेब त्या ओळखून आहेत. तो लहानपणी नावडत्या भाजीला ‘आज पोट भरलंय’ म्हणायचा.

“अंदाज म्हणे!” त्या म्हणाल्या. “पुढच्या खेपेला तू मोज.”

आता मोजपट्टी माझ्या जॅकेटच्या खिशात असते. मालवणी मसाला माहेरहून आलाय, तिरफळं निवडून ठेवलीत, वेगळा तवा घासून ठेवलाय. सासूबाईंची अट एकच आहे: पट्टी त्यांच्या शिवणाच्या डब्यातली घ्यायची नाही, दुसरी विकत आणायची.